केकमधलं बीट

तिचं काम रफूचं. कुणाचा कोट खिळ्याला अडकून फाटला, कुणाच्या लोकरीच्या शालीला कसर लागली, कुणी सिगारेटने पँटला भोक पाडून घेतलं, की ते कापड तिच्यापुढे येऊन पडायचं. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून ती एकेक धागा काढायची आणि बारीक सुईने भोकावर पुन्हा कापड विणायची, एक धागा वरून, एक खालून, मान मोडेपर्यंत. मग ओला फडका टाकून इस्त्री, आणि शेवटी त्या जागेवरून अंगठा एकदा सरकवायचा. अंगठ्याला काही लागलं नाही की काम झालं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाफेत आणि ओल्या कपड्यांच्या वासात, एका दिव्याखाली तिचे दिवस असे जात होते.

या धंद्याचं एक दुखणं आहे. काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला दिसत नाही. शिंप्याने कपडा चांगला शिवला की चारचौघं वळून बघतात. रफूवालीने जीव ओतला तर गिऱ्हाईक कोट उजेडात धरतं, काही सापडत नाही, ‘बरं’ म्हणतं आणि चालू लागतं. तिने हे दुखणं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं.

घरात तिच्याशिवाय तिघं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातले थोडेच दिवस घरी असायचा आणि त्यातले निम्मे झोपेत काढायचा. सासरे जन्मभर एका मोठ्या इमारतीची लिफ्ट चालवून आता निवांत झाले होते. आणि मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं, घरात ती मुंगी. एका जागी ठरायची नाही, आणि खायची तेही मुंगीसारखंच, कणाकणाने.

बरं, खायची ते सगळं पांढरं. पाव, दूध, उकडलेला बटाटा, साखरेची बिस्किटं. ताटात दुसरा कुठला रंग दिसला की तोंड शिवून बसायची. शेवटी एकदा शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि अंगात रक्त फारच कमी असल्याचं सांगितलं. औषध दिलं, पण नुसत्या औषधावर भागणार नाही म्हणाल्या. पोटात बीट जायला हवं, पालेभाजी जायला हवी, डाळी, खजूर, अंडी, सगळंच. शाळेला सुट्टी लागली की पुन्हा तपासू, आणि तेव्हाही वाढलं नसेल तर दवाखान्यात ठेवून सुईने औषध द्यावं लागेल. मुंगीने सुईचं नाव ऐकलं आणि आईचा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. हात घट्ट धरला खरा, पण संध्याकाळी औषधाचा पहिला चमचा पोटात गेला तसा बाहेर आला.

सल्ले द्यायला सगळे पुढे. नवरा फोनवर म्हणाला, भूक लागली की खाईल आपोआप. शेजारीण म्हणाली, उपाशी ठेवा एक दिवस, वठणीवर येते की नाही बघा. सासरे म्हणाले, आम्ही कुठे लहानपणी बीट खाल्लं होतं, काय बिघडलं आमचं? असं म्हणत ते आपली कवळी पेल्यात ठेवायचे आणि मोज्यांच्या खणात दडवलेली बिस्किटं नातीला गुपचूप द्यायचे. सांगणाऱ्याचं काय जातं! राबायचं होतं तिलाच. मग तिला जे येत होतं तेच तिने केलं. लेकीच्या खाण्याला रफू करायला घेतलं.

पहिले काही प्रयत्न फसले. बटाट्यात गाजर किसून घातलं तर रंग फुटला. अंड्यात पालक वाटून घातला तर मुंगीने ताट असं मागे ढकललं, जणू त्यात पाल पडली होती. पण रफूचं मुख्य सूत्र तिला ठाऊक होतं, धागा कापडाच्याच रंगाचा हवा. बीट लाल, तर त्याला काळोखात लपवायचं. कोकोच्या पुडीत बीट बेमालूम दडतं हे तिला एका सकाळी कळलं आणि तिथून गाडी रुळावर आली. बीट उकडून वाटायचं, मसूर शिजवून त्यात घोटायचे, साखरेच्या जागी खजूर, वर दोन अंडी, थोडं पीठ, आणि या सगळ्याला कोकोचा बुरखा. छोट्या वाट्यांत घालून भाजलं की झाला चॉकलेट केक. मुंगीला पांढऱ्यानंतर हा एकच रंग मान्य होता.

यासाठी ती अंधार असतानाच उठायची. डोळे धड उघडलेले नसायचे तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायची. बिटाचा डाग ओट्यावर राहू नये म्हणून ओटा पुसायचा, सालं कागदात गुंडाळून जिन्याखालच्या डब्यात नेऊन टाकायची, मिक्सरचं भांडं पात्याखालून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचं. दिवसभर रफू करायचं आणि संध्याकाळी येऊन पुन्हा तेच. बोटांची टोकं गुलाबी दिसायची, म्हणून लिंबू चोळायचं. सुईने टोचलेल्या जागी ते झोंबायचं. घरोघरी मातीच्या चुली असं म्हणून ती स्वतःची समजूत काढायची, पण बसमध्ये उभ्याउभ्या झोप लागायची ती काही समजुतीने जात नव्हती.

मात्र संध्याकाळी केकची बशी मुंगीपुढे ठेवताना सगळा शीण पळायचा. ती तिथेच उभी राहायची, पदराला हात पुसत, हसत. मुंगीने पहिल्या दिवशी विचारलं तसंच ती रोज विचारायची, यात काही नाही ना? आणि ती म्हणायची, काही नाही गं, नुसता चॉकलेटचा केक आहे. मुंगी खायची. गालांवर थोडी लाली यायला लागली. जिना चढताना मध्येच बसायची ते बंद झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ तिने चांगली घट्ट झाकली होती.

झाकूनच ठेवायची होती की! पण तेच जुनं दुखणं उपटलं. इतकं सुरेख काम, आणि बघणारं कुणी नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, हां, बरं केलंस, आणि टायर बदलायचे आहेत हे सांगायला लागला. सासऱ्यांना सांगायची सोय नव्हती, त्यांच्या पोटात काही राहत नसे. एकदा शाळेच्या फाटकाशी मुंगीच्या बाई भेटल्या. मुलगी हल्ली टवटवीत दिसते, असं त्या सहज म्हणाल्या, आणि हिचा बांध फुटला. बीट कसं, मसूर कसे, खजूर कसा, कोकोत रंग कसा मरतो, सगळं तिने उभ्याउभ्या सांगून टाकलं. बाई तोंडावर हात ठेवून ऐकत राहिल्या. केवढ्या हुशार हो तुम्ही, म्हणाल्या. त्या दिवशी ती बसमध्ये झोपली नाही. खिडकीतून बाहेर बघत, स्वतःशीच खूश होऊन घरी आली.

शाळेत नवी पद्धत निघाली होती. आठवड्यातून एकदा एका मुलाच्या घरून सगळ्या वर्गाला खाऊ यायचा. खाऊ पौष्टिक हवा, आणि ज्याच्या घरचा असेल त्याने उभं राहून त्यात काय काय आहे ते सांगायचं. मुंगीची पाळी आली तेव्हा तिने हट्टच धरला, आईचा चॉकलेट केकच न्यायचा. आईने मोठा डबा भरून दिला. फळ्यापुढे उभं राहून मुंगीने ऐटीत सांगितलं की यात पीठ आहे, अंडं आहे, कोको आहे आणि साखर आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, भाजी तर नाही ना? मुंगी म्हणाली, छे! माझी आई कधीच भाजी घालत नाही. घातली असती तर मला कळलं असतं.

बाईंच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मुलांना धडा देण्यासारखी इतकी छान संधी पुन्हा कधी मिळणार, असंच त्यांना वाटलं असणार. केक निम्मा संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवून जाहीर केलं की मुलांनो, तुम्ही आत्ता काय खाल्लंत माहिती आहे का? बीट! आणि मसूर! हिची आई हिला रोज देते, आणि हिलासुद्धा माहीत नाही, बघा आई किती हुशार असते. वर्गात एकच गलका उडाला. कुणी हातात थुंकलं, कुणी हसून हसून बाकावर आडवं झालं. बिटाची पोरगी, असं एक जण ओरडला. दुसरी म्हणाली खोटारडी. मुंगी डबा छातीशी धरून फळ्यापुढे उभीच राहिली होती. हे सगळं बाईंनीच फाटकाशी सांगितलं, आणि सांगताना त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

दोघी घरी आल्या. आई मुंगीपुढे उकिडवी बसली. तुझ्या भल्यासाठीच केलं, तुला सुई नको होती ना, तू नुसतं बीट खाल्लं असतंस का, हे सगळं तिने समजावून सांगितलं. मुंगीने बूट काढून जागेवर ठेवले. मग म्हणाली, “मी रोज विचारायचे. तू रोज म्हणायचीस, काही नाही.”

मुंगी रागावून बोलली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. पोरीने नुसता हिशोब पुढे ठेवला होता आणि तो चोख होता.

त्या दिवसापासून घरात तपासणी नाका सुरू झाला. मुंगी केळं खायची, पण साल तिने स्वतः सोललेलं असलं तर. उकडलेल्या अंड्यातलं पांढरं खायची, पण अंडं आधीच सोललेलं चालायचं नाही. बिस्किटाचा पुडा तिच्यासमोर फाडायचा. पाव हातात घेऊन ती मधोमध उघडायची आणि आत बघायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर दूधसुद्धा खिडकीशी नेऊन उजेडात बघायला लागली. आईच्या हातचं कालवलेलं, वाटलेलं, शिजवून एकजीव केलेलं काहीही पोटात जाईना. आजोबांच्या मोज्यांच्या खणातली बिस्किटं मात्र चालायची. पुडा बंद असायचा ना! गालांवरची लाली आली तशी उतरली, आणि सुट्टी तर तोंडावर आली.

तिने काय नाही केलं? बिटाच्या फुलासारख्या चकत्या कापल्या. गाजराची माणसं केली. पालकाचं झाड करून त्याखाली अंड्याचं घर बांधलं. कामावरून येऊन तासभर ही कलाकुसर चालायची आणि ती हसत, उत्साहाने बशी पुढे ठेवायची. मुंगी बशीकडे बघायची, आईच्या तोंडाकडे बघायची आणि उठून जायची. सासरे म्हणाले, “सूनबाई, दमतेस गं. सोड आता.” सोडून कसं चालेल, हे त्यांना सांगायचीसुद्धा ताकद तिच्यात नव्हती. गाजराची माणसं तिने स्वतःच उभ्याने खाल्ली, डोक्यापासून पायापर्यंत.

अशात सासऱ्यांची दाढ ठणकायला लागली. कवळी वरची होती, खालच्या उरल्यासुरल्या दातांतली ही दाढ. ते दंतवैद्याकडे गेले आणि शाळा सुटल्यावर मुंगीला सांभाळायला कुणी उरलं नाही. म्हणून ती पोरीला लाँड्रीत घेऊन आली. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. मुंगी मागच्या खोलीत स्टुलावर बसली, मांडीवर दप्तर, आणि आईची सुई वर-खाली जाताना बघत राहिली.

कोट एका उंच गृहस्थांचा होता. दुसऱ्या दिवशी ते नोकरीतून निवृत्त व्हायचे होते आणि निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांना हाच कोट घालायचा होता. खिशाच्या वर सिगारेटने जळालेलं भोक, वाटाण्याएवढं. ती दोन दिवस त्यावर बसली होती. तिने अंगठा सरकवला, काही लागलं नाही. मग ती कोट घेऊन पुढे काउंटरवर आली आणि तिच्यामागून मुंगी आली.

गृहस्थांनी कोट दिव्याखाली धरला. उलटा केला, सुलटा केला, हात लांब करून बघितला, जवळ आणून बघितला. मग हसले आणि मालकांना म्हणाले, भोक नेमकं कुठं होतं तेच मला आता आठवेना. मालकही हसले. ती काउंटरशी उभी राहून हसत होती.

“इथे होतं,” मुंगी म्हणाली. आणि टाचा उंचावून तिने कोटावर बोट ठेवलं.

बरोबर तिथेच. गृहस्थांनी वाकून बघितलं. एकदा जागा कळली की डोळा काही ऐकत नाही. त्यांना दिसायला लागलं. धाग्याची किंचित वेगळी चमक, उजेड तिरका पडला की एवढीशी सावली. खरं तर तेही दिसलं नसतं, पण आता ते दिसणारच होतं. चांगलं झालंय हो, चांगलं झालंय, असं ते दोनदा म्हणाले, पण कोट हातावर घेऊन जाताना दरवाजापर्यंत त्यांचं बोट त्याच जागेवर फिरत होतं. मालकांनी आवाज न चढवता सांगितलं की ताई, उद्यापासून मुलांना दुकानात आणू नका.

बस भरून गेली, म्हणून दोघी चालत निघाल्या. दुकानांचे दिवे लागत होते. तिचे पाय सुजले होते आणि चपलेचा पट्टा बोटाला घासत होता. तिला पोरीचा राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडं बळ लागतं. शिवाय खरं सांगायचं तर तिला नवलच जास्त वाटत होतं. इतक्या वर्षांत तिचं रफू कुणाला सापडलं नव्हतं.

“तुला ते दिसलं कसं गं?” तिने विचारलं.

“मला नाही दिसलं.”

“मग?”

मुंगी थोडा वेळ फरशीच्या रेघा चुकवत चालली. “ते काका कोट फिरवत होते ना, तेव्हा तू सगळ्या कोटाकडे बघत होतीस. फक्त तिथे बघत नव्हतीस. आणि हसत होतीस.”

“हसू नये का?”

“तू आत काही घातलंस की तसं हसतेस. केक देताना हसायचीस तसं. गाजराची माणसं केलीस तेव्हा पण.” मग जरा थांबून, जणू समजूत घालावी तशी ती म्हणाली, “एरवी तू नाही हसत. दमलेली असतेस.”

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जगाने डोळे मिटले. ती चालत राहिली. पोरीने कुठलाही आरोप केला नव्हता, तिच्या दृष्टीने ही साधी माहिती होती, आकाश निळं असतं तशी. आईचं हसू म्हणजे आत काहीतरी आहे. हे वाक्य तिच्या छातीत कुठेतरी जाऊन बसलं आणि घर येईपर्यंत हललं नाही.

सासरे गालाला फडका बांधून पडले होते. हातानेच खुणावून त्यांनी कळवलं की दाढ गेली, आता काही विचारू नका. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. सकाळी उकडलेलं बीट पातेल्यात होतं. मसूर शिजवलेले होते. कोकोचा डबा होता. मिक्सरचं भांडं ओट्यावर उपडं घातलेलं होतं.

तेव्हा तिच्या मनात ते आलं. आलंच, आणि आलं ते चांगलं हात-पाय पसरून आलं. पोरीने स्वतःच तर सांगितलं होतं की गफलत कुठे होते. हसायचं नाही, बस्स. बशी आदळायची, कपाळाला आठी घालायची, खा म्हणायचं आणि निघून जायचं. पिठात बीट घाल, मसूर घाल, मनात येईल ते घाल, पोरगी डोळे मिटून खाईल. डॉक्टरीणबाईंकडे जायला फारसे दिवस उरले नव्हते. सुई टळेल. आणि दमलेलं तोंड करायला तिला काही वेगळं करायचंही नव्हतं, ते तर आयतंच होतं.

तिने भांडं सुलटं केलं. त्यात बिटाचे दोन तुकडे टाकले. झाकण लावलं, आणि बटणावर बोट ठेवून ती उभी राहिली.

पोरीकडे आईची दोन तोंडं होती. त्यातलं हसरं तर बादच झालं होतं. उरलं होतं हे एकच, दमलेलं, घामेजलेलं, कौतुकाचं काहीच नसलेलं. पण तेवढ्यावर पोरीचा विश्वास होता. तेही आज विकून टाकलं तर उद्या तिने बघायचं कुणाच्या तोंडाकडे? सुई टळेल, ठीक आहे. पण पुन्हा कधी ती सुईच्या दारात आपला हात धरेल का? तिला एकदम रडू आलं. आवाज न करता आलं आणि तसंच गेलं, कारण पाय इतके दुखत होते की रडायलाही खाली बसावं लागलं असतं.

तिने झाकण काढलं. बिटाचे तुकडे बाहेर घेतले, बाकीचं बीट सोललं आणि जाड चकत्या कापल्या. फुलं नाहीत, माणसं नाहीत. वर मीठ टाकलं, लिंबू पिळलं. मसूर वेगळ्या वाटीत ठेवले. दोन उकडलेली अंडी, टरफलासकट. ते ताट तिने टेबलावर ठेवलं, खुर्चीत धपकन बसली, चपला पायांनीच ढकलून दिल्या आणि खायला लागली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. ती खरोखरच खात होती, पोरीला दाखवायला नाही.

मुंगी दारात आली. ताटाकडे बघितलं. “हे काय आहे?”

“बीट.”

“त्यात काय आहे?”

“बीटच. वर मीठ आणि लिंबू.”

मुंगी टेबलाशी आली. ताटाकडे तिने पुन्हा बघितलंच नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, बराच वेळ, दूध उजेडात धरून बघायची तसं. आईने मान वर केली नाही. तोंडातला घास चावत राहिली. तिचे डोळे सुजले होते, केस कपाळाला चिकटले होते, आणि त्यातलं काहीच तिने मुद्दाम केलेलं नव्हतं.

“दमलीस?” मुंगीने विचारलं.

“खूप.”

मुंगीने खुर्ची ओढली. एक चकती उचलली, वास घेतला, कडेचा एक कण कुरतडला. तोंड वाकडं केलं. “मातीसारखं लागतं.”

“लागतंच.”

पोरगी विचार करत चावत होती. मातीसारखं लागतं, आणि आईही म्हणते लागतंच. इतके दिवस ‘किती छान लागतं बघ’ हेच ऐकलेल्या तिला हे नवीन होतं. तिने आणखी एक कण कुरतडला. मग जरा मोठा घास घेतला. अशी हळूहळू ती अख्खी चकती संपली, आणि ओठ लालभडक झाले.

आई ताटाकडे बघत होती. पोरीकडे बघू नये म्हणून बघत होती. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि ते तिला आवरलं नाही. दिवसभराच्या थकव्याखालून हसू वर आलं ते आलंच.

मुंगीचा हात ताटावर थांबला. “का हसतेस?” तिने विचारलं. “काय घातलंयस यात?”

“काही नाही गं. तू खाल्लंस म्हणून.”

हेच उत्तर ती रोज द्यायची. ‘काही नाही गं.’ शब्दही तेच. तिला ते तोंडातून निघाल्यावर कळलं आणि हसू तिथल्या तिथे विझलं. आतल्या खोलीत सासरे कूस बदलताना कण्हले. मुंगीने दुसरी चकती उचलली, मधोमध मोडली आणि दोन्ही तुकडे आतून नीट तपासले. मग एक तुकडा आईच्या तोंडाशी धरला.

“आधी तू,” ती म्हणाली.

तिने तोंड उघडलं. मुंगीने तो तुकडा तिला भरवला, आणि ती चावून गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत बसली. मग दुसरा तुकडा आपल्या तोंडात टाकला.